तंबू डेपोतल्या बढत्या

सरकारी नोकरीत पगार साठत नाही, किस्से साठतात. पगाराला महिन्याची वीस तारीख गाठतानाच धाप लागते; किस्से मात्र कोणी काही न करता वाढत जातात. आणि ते कोणाला देऊन टाकण्याचीही सोय नाही. ज्याला सांगायला जावं तोच म्हणतो, "हे तर काहीच नाही, आमच्या हापिसातलं ऐका!" म्हणून म्हटलं, दुसऱ्या कोणी तोंड उघडण्याआधी आपले सांगून मोकळं व्हावं.

आमचा डेपो वर्ध्याहून देवळीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होता. आता शोधायला जाऊ नका, तिथे शेत आहे. लढाईच्या काळात इंग्रजांनी फौजेचे तंबू ठेवायला पत्र्याच्या शेडी बांधल्या. लढाई संपली, इंग्रज गेले, तंबू राहिले. तंबू राहिले म्हणून आम्ही राहिलो. तंबू उन्हात पसरायचे, फाटलेले शिवायचे, घड्या घालून रचायचे आणि पुढच्या वर्षी तेच तंबू पुन्हा उन्हात पसरायचे, असं आमचं राष्ट्रकार्य चालू होतं. स्वतंत्र भारताच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत आमच्या तंबूंइतकं ऊन कोणी खाल्लं नसेल.

वर एक मेजरसाहेब. ते फौजेचे. त्यांच्याखाली कारकून, चौकीदार, मजूर असे आम्ही सगळे सिव्हिलियन. सिव्हिलियन म्हणजे नक्की काय, हे आमचे हेड क्लार्क पांढरीपांडे यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं.

"भोयर, फौजी माणसाला शिस्तही असते आणि रेशनही असतं. सिव्हिलियनला नुसती शिस्त असते!"

*

माझ्याबरोबर त्याच दिवशी इंगोले नावाचा आणखी एक कारकून लागला. आम्ही एकाच गावचे, एकाच शाळेतले, एकाच सर्व्हिस मोटारीतून नोकरीवर हजर झालेले. दुपारचा डबाही एकत्र खायचो. अशी दोस्ती फार दिवस टिकू द्यायची नाही, असं सरकारचं धोरण असावं. कारण काही वर्षांनी वरच्या श्रेणीच्या कारकुनाची एक जागा निघाली. एकच!

नियम सरळ होता. जो सीनियर, त्याची बढती. पण सीनियर कोण? लागण्याची तारीख एकच. मग वयाने मोठा कोण ते पाहू, असं ठरलं. तर आमच्या गावच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना सगळ्या वर्गाची जन्मतारीख एक जुलै लिहून ठेवलेली. मास्तरांच्या हिशेबाने त्या दिवशी आमच्या गावात वर्गच्या वर्ग जन्मला होता.

पांढरीपांडे हार मानणारे नव्हते. "पहिल्या दिवशी डेपोच्या फाटकातून आधी आत कोण आलं?"

"बरोबरच आलो."

"मग मोटारीतून आधी कोण उतरलं?"

मी म्हटलं, मी. इंगोले म्हणाला, मी. खरं म्हणजे दोघांनाही काही आठवत नव्हतं. पण त्या दिवसापासून आमचे डबे वेगळे झाले. मी खिडकीकडे तोंड करून जेवायचो, तो भिंतीकडे.

शेवटी चौकशी बसली. मोटारीच्या कंडक्टरला साक्षीला बोलावलं. तो बिचारा टोपी काखेत धरून मेजरसाहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. पांढरीपांड्यांनी विचारलं, "नीट आठवून सांग. त्या दिवशी डेपोच्या थांब्यावर आधी कोण उतरलं?"

"चांगलं आठवते जी," कंडक्टर म्हणाला. "आधी बकरी उतरली."

"बकरी?"

"व्हय जी. एका बाईची होती. लय तरास देल्ला तिनं. तिच्या मांगून हे दोघं उतरले, एकमेकाले ढकलत."

मेजरसाहेबांना मराठी अर्धीमुर्धीच कळायची. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बकरी डेपो में भरती हुई थी?"

"नो सर," पांढरीपांडे म्हणाले.

"फिर ठीक है!"

निकाल आठवड्याने लागला. बढती तिसऱ्यालाच मिळाली. तो आमच्यानंतर दोन वर्षांनी लागलेला होता आणि संध्याकाळी मेजरसाहेबांबरोबर बॅडमिंटन खेळायचा. कारण असं देण्यात आलं की, दोघांत वाद असल्यामुळे एकाला दिल्यास दुसऱ्यावर अन्याय झाला असता. म्हणजे कोणा एकावर अन्याय होऊ नये म्हणून दोघांवरही करण्यात आला!

दुपारी इंगोले आपला डबा घेऊन माझ्या टेबलावर आला. भाकर मोडली, एक घास खाल्ला. मग म्हणाला, "बकरीले भेटली असती तं चाललं असतं बे. ते निदान आपल्या आधी तं उतरली होती!"

*

वर्षाअखेरीला प्रत्येकाबद्दल एक गोपनीय शेरा लिहिला जायचा. गोपनीय म्हणजे काय, तर ज्याच्याबद्दल लिहिला त्याला सोडून डेपोतल्या सगळ्यांना तो ठाऊक असायचा. इंगोलेबद्दल पांढरीपांड्यांनी लिहिलं, "कधीही तक्रार करीत नाहीत. कामात रस दिसत नाही." हे कानावर आल्यावर इंगोले पुढचं वर्षभर तक्रारी करत राहिला. शेड गळते, पंखा फिरत नाही, खुर्चीला तीन पाय. त्या वर्षीचा शेरा आला, "फार तक्रारी करतात."

तिसऱ्या वर्षी तो थेट पांढरीपांड्यांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, वर्षाच्या किती तक्रारी केल्या म्हंजे मानूस बढतीले लायक होते, थे एकदा सांगून टाका. मी मोजून तेवढ्याच करतो!"

*

रहमान चाचा आमचे फाटकावरचे चौकीदार. इंग्रजांच्या काळापासूनचे. दाढी काळी होती तेव्हा लागले आणि मेंदी लावायला लागले तरी टेम्पररीच होते. टेम्पररी माणसाला पेन्शन नाही. चाचांनी दर नव्या मेजरसाहेबांना एकदा तरी विचारलं होतं, "हुजूर, मैं परमनंट कब होऊंगा?" आणि प्रत्येक मेजरसाहेबांनी एकच उत्तर दिलं होतं. हा डेपोच टेम्पररी आहे. टेम्पररी डेपोला परमनंट चौकीदार कसा असेल?

बोलणं बिनतोड होतं. डेपो टेम्पररी होता खरा. वरून दरवर्षी हुकूम यायचा, "आणखी एक वर्ष." मग आम्ही आणखी एक वर्ष टेम्पररी राहायचो. चाचांच्या तीन मुलींची लग्नं या टेम्पररी नोकरीत झाली. फाटकाजवळ त्यांनी लावलेल्या कडुनिंबाच्या सावलीत लॉऱ्या उभ्या राहू लागल्या. कडुनिंब तेवढा परमनंट झाला.

मग चाचांचं वय भरलं. त्याच कडुनिंबाखाली निरोपाचा कार्यक्रम ठेवला. वर्गणीतून शाल आणली, हार आणला, चिवडा आणि चहा सांगितला. मेजरसाहेब भाषणाला उभे राहिले. निरोपाच्या भाषणात त्यांची जीभ नेहमीपेक्षा सैल व्हायची, कारण त्यावर सही करावी लागत नसे.

"रहमान के बिना हम इस डेपो को सोच भी नहीं सकते," ते म्हणाले. "अफसर आए, अफसर गए. लेकिन रहमान? रहमान तो इस डेपो का परमनंट हिस्सा है!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा चाचा हार घातलेल्या मानेने उभे राहिले आणि शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"साहब, यही बात जरा ऑर्डर में लिखवा दो."

सगळे हसले. मेजरसाहेबही हसले. चाचा हसले नाहीत. ते उभेच राहिले आणि साहेब कोणाला तरी कागद आणायला सांगतील म्हणून वाट पाहत राहिले. शेवटी इंगोलेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि चिवड्याची बशी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आलो तर चाचा फाटकावर!

"चाचा, तुम्ही तर काल रिटायर झालात ना?"

"टेम्पररी, बाबू," चाचा म्हणाले. "टेम्पररी."

*

आता द्वारकाबाईचा किस्सा. डेपोतल्या बायकांच्या टोळीची ती मुकादम. बाई हाडाने बारीक, पण आवाज असा की एका शेडीतून दुसऱ्या शेडीतल्या माणसाला तंबाखू मागायची.

रोजंदारीच्या मजुरांचा दर मेजरसाहेबांच्या हातात होता. मोठा तंबू घडी घालायला चार माणसं लागायची, चार कोपऱ्यांना चार. पुरुषांची टोळी निराळी, बायकांची निराळी. तंबू तोच, घडी तीच, ऊनही तेच. पण बायकांना पुरुषांच्या पाऊणपट मजुरी. द्वारकाबाईने एकदा पांढरीपांड्यांना विचारलं, "काऊन जी?"

पांढरीपांड्यांनी चष्मा पुसला. "बाईमाणसाची ताकद पुरुषाच्या पाऊणच असते, असं सरकारचं मत आहे."

"सरकारनं कवा पाह्यलं?"

पांढरीपांड्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. अशा वेळी ते म्हणायचे, "वर विचारतो." वर म्हणजे कुठे हे आम्हाला कधी कळलं नाही. पण तिथून कधी कोणी खाली आलं नाही एवढं खरं.

त्या हिवाळ्यात एक ब्रिगेडियर तपासणीला आले. रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना चुना, मजुरांना नवे पट्टे, मेजरसाहेबांच्या बुटांत आभाळ दिसावं अशी चमक. ब्रिगेडियर एकेका रांगेसमोरून चालत होते. पुरुषांच्या टोळीने रचलेली थप्पी पाहून मान डोलावली. मग बायकांच्या थप्पीपाशी आले आणि थांबले.

त्या थप्पीतल्या प्रत्येक तंबूचे तीन कोपरे नीट घडीत होते आणि चौथा कोपरा बाहेर लोंबत होता. वरपासून खालपर्यंत. शंभर जिभा बाहेर काढून थप्पी जणू ब्रिगेडियरला वाकुल्या दाखवत होती!

मेजरसाहेबांचा चेहरा लाल झाला. "ये क्या है? ये चौथा कोना?"

द्वारकाबाई पदर खोचून पुढे आली. "साहेब, आमाले पाऊन पैसे भेटते. तीन कोपरे पाऊन पैशाचे झाले. चवथा कोपरा मानसायचा हाय, थे येऊन घालतीन!"

ब्रिगेडियरने मेजरसाहेबांना विचारलं, बाई काय म्हणते? मेजरसाहेबांनी खोकून घेतलं. शेवटी बॅडमिंटनवाल्या कारकुनाने भाषांतर केलं, आणि त्या गडबडीत खरं खरं केलं. ब्रिगेडियर मिशीतल्या मिशीत हसले, पण म्हणाले काहीच नाहीत. मोठ्या माणसांचं तेच असतं. हसायला त्यांना वरून मंजुरी लागत नाही, बोलायला लागते.

ब्रिगेडियर गेल्यावर मेजरसाहेबांनी न्याय केला. बायकांना घडीच्या कामावरून काढून नुसत्या शिवणकामाला बसवलं. शिवायला पुरुष नव्हतेच, त्यामुळे तुलनाच मिटली! पांढरीपांडे म्हणाले, "पाहा, मार्ग निघतो."

मार्ग दोन आठवडे टिकला. एकट्या पुरुषांच्या टोळीला घड्या आवरेनात. उन्हात पसरलेले तंबू उन्हातच राहिले आणि त्यांच्यावर अवकाळी पाऊस पडला. फौजेचे तंबू भिजले. एवढा खणखणीत मुद्दा आमच्या कोणाच्याही अर्जात नव्हता. तिसऱ्या आठवड्यात मेजरसाहेब स्वतः शिवणाच्या शेडीत गेले.

"बाई, कल से पूरा पैसा. सबको."

द्वारकाबाईने दाताने दोरा तोडला. "अन् कोपरे?"

"चारों," मेजरसाहेब म्हणाले.

*

एकदा दिल्लीहून काही मंडळी आली. सिव्हिलियन लोकांचं पगारात कसं भागतं हे त्यांना समजून घ्यायचं होतं. तर ते समजू नये याची डेपोत दोन दिवस तयारी चालली. कोणाच्या तरी बंगल्यावरून फुलांच्या कुंड्या आणल्या. आम्हाला धुतलेले कपडे घालून यायला सांगितलं. पाहुण्यांसाठी पेढे आले, त्यातला एकेक आमच्याही हातावर ठेवला गेला, पाहुणे पाहत असताना.

पाहुण्यांतले एक गृहस्थ मराठी बोलणारे होते. जाड भिंगांचा चष्मा, चेहरा भला. त्यांनी बोलायला नेमका इंगोलेला निवडला. इंगोलेच्या उजव्या हाताला मेजरसाहेब उभे होते, काखेत छडी.

"मोकळेपणाने सांगा," गृहस्थ म्हणाले. "पगारात भागतं का?"

इंगोलेने मेजरसाहेबांकडे पाहिलं, मग गृहस्थांकडे, मग हातातल्या पेढ्याकडे.

"साहेबाच्या समोर भागते जी. घरी गेलो का नाई भागत!"

पुढे खरोखरच पगार थोडा वाढला. पण ती बातमी पांढरीपांड्यांकडून आम्हाला कळायच्या आत देवळीच्या किराणा दुकानदाराला कळली होती.

*

तुम्ही म्हणाल, पांढरीपांडे म्हणजे या सगळ्यातला खलपुरुष. तसं नव्हतं. माणूस पापभीरू. सकाळी आंघोळ करून, गंध लावून, वेळेच्या आधी पाच मिनिटं खुर्चीत. त्यांचा नियमांवर विश्वास होता, एवढाच त्यांचा दोष. आम्ही बढतीबद्दल कुरकुरलो की म्हणायचे, "धीर धरा. नियमात बसेल ते आज ना उद्या मिळतंच." आणि आमचे अन्यायाचे अर्ज ते फेटाळायचे नाहीत, नुसते ठेवून घ्यायचे. फेटाळला तर अर्जदार वर जाऊ शकतो. ठेवून घेतला तर कुठेच जाऊ शकत नाही!

त्यांचा स्वतःचा डोळा ऑफिस सुपरिंटेंडेंटच्या जागेवर होता. जागा मंजूर होती, रिकामी होती, आणि नियमाप्रमाणे त्यांचीच होती. घरी त्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं. नवा कोटही शिवला होता. तो कोट आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, कारण एका थंडीच्या सकाळी ते घालून आले आणि दुपारी "जरा लवकरच झालं" म्हणून काढून ठेवला.

मग एके सोमवारी फाटकातून एक रिटायर झालेले सुभेदार आत आले. भरदार माणूस, मेजरसाहेबांच्या जुन्या पलटणीतले. मेजरसाहेबांनी त्यांना मिठी मारली आणि पांढरीपांड्यांना बोलावून सांगितलं, "पांडेजी, ये हमारे नए सुपरिंटेंडेंट. काम आप इनको सिखा देना."

पांढरीपांड्यांनी काम शिकवलं. पत्र आलं की कुठे ठेवायचं, उत्तर किती दिवसांनी द्यायचं, कधी मुळीच द्यायचं नाही, सगळं. सुभेदार भला माणूस होता. तो त्यांना "गुरुजी" म्हणायचा. ते जास्त लागत असावं.

त्या आठवड्यात एका दुपारी पांढरीपांडे आपला डबा घेऊन आमच्या टेबलावर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही सरकून जागा केली. त्यांनी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला, आणि तो हातातच राहिला.

"भोयर," ते खाली बघत म्हणाले, "अन्याय झाल्याचा अर्ज... कसा लिहितात हो तो?"

मी हातातला घास डब्यात ठेवला. इतकी वर्षं ज्या माणसाला आम्ही मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो आमच्या टेबलावर बसून हे विचारत होता.

इंगोले मात्र आपल्या भाकरीवर ठेचा पसरत शांतपणे म्हणाला, "नमुना तुमच्यापाशीच हाय ना साहेब. आमचे सारेच पडून हायेत थितं!"

पांढरीपांड्यांनी इंगोलेकडे पाहिलं. मग पांढरीपांडे हसले. आधी नाकातून, मग तोंडातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि त्यांनी इंगोलेच्या भाकरीवरचा ठेचा बोटाने उचलून चाखला. नंतर पाणी पीत पीत ते अर्धा तास रडत होते. ठेच्यामुळे, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं.

*

एक शेवटचा सांगतो.

घडीच्या शेडीत नामदेव मेश्राम नावाचा मजूर होता. तरणा, अबोल, मॅट्रिक पास. घरी बायको, दोन लेकरं, म्हातारी आई. आमच्याकडे कारकुनाची एक जागा अनुसूचित जातीच्या उमेदवारासाठी राखीव होती. दरवर्षी त्या जागेबद्दल वर कळवलं जायचं, "लायक उमेदवार मिळाला नाही." मॅट्रिक पास नामदेव खिडकीतून दिसेल इतक्या अंतरावर तंबू ओढत असायचा, पण कळवताना कोणी खिडकीतून पाहिलं नव्हतं.

मग तो दसरा आला. नागपूरला लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नामदेव आईला आणि बायकोला घेऊन गेला होता. कामावर परत आला तो पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. त्याच कपड्यांत त्याने तंबू उचलले. आमच्यातल्या काहींनी तोंडं वाकडी केली. द्वारकाबाई तेवढी म्हणाली, "चांगला दिसून राह्यला रे, बापू."

पुढच्या उन्हाळ्यात, कोण जाणे कसं, त्या राखीव जागेसाठी नामदेवला मुलाखतीला बोलावलं. माझा अंदाज असा की, त्याचं नाव पांढरीपांड्यांनी पुढे ढकललं. त्या ठेच्यानंतर त्यांच्यात काहीतरी बिघाड झाला होता. ते आता लोकांची कामं करायला लागले होते.

मुलाखत घ्यायला तिघं बसले. मेजरसाहेब, नागपूरहून आलेले एक अधिकारी आणि पांढरीपांडे. मी बाजूला, लिहून घ्यायला.

नामदेवचं इंग्रजी वाचन झालं. हिशेब झाला. अक्षर पाहिलं, माझ्यापेक्षा चांगलं होतं. मेजरसाहेब खूश होते. नागपूरच्या अधिकाऱ्यांनी शेवटचा म्हणून सहज विचारलं, "जात?"

"बौद्ध."

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाहा, ही जागा त्या जुन्या जातीसाठी आहे. ती सोडली असं म्हणालात तर नियमाने जागा तुम्हाला देता येत नाही. जुनीच सांगा. इथल्यापुरती. बाहेर तुम्ही काय मानता ते बघायला कोण येतंय?"

"नामदेव," मेजरसाहेब म्हणाले, "एक लफ्ज की बात है, बेटा."

नामदेव खाली पाहत उभा राहिला.

पांढरीपांड्यांनी घसा साफ केला. "मेश्राम, माझं ऐका," ते म्हणाले. डेपोत मजुराला 'ऐका' म्हणताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "घरी लेकरं आहेत. जन्मभर उन्हात तंबू ओढणार का? पंख्याखाली खुर्ची आहे. सांगून टाका."

बाहेर कोणीतरी बादली आपटली. नामदेवने मान वर केली.

"साहेब, जुनं सांगतलं तं त्या खुर्चीवर कोन बसंन?"

"तुम्हीच की! आणखी कोण?" पांढरीपांडे म्हणाले.

"नाई साहेब. थो बसंन," नामदेव म्हणाला. "अन् त्याले तं मी नागपूरले सोडून आलो."

हात जोडून तो बाहेर गेला. दार त्याने अगदी हळू लावून घेतलं.

 मेजरसाहेब उठून खिडकीशी गेले. इतक्या वर्षांत त्या खिडकीतून पाहणारे ते पहिलेच. पांढरीपांड्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. नागपूरच्या अधिकाऱ्यांनी मला सांगितलं, "लिहा. लायक उमेदवार मिळाला नाही."

मी लिहिलं.

मी बाहेर आलो तेव्हा शेडीतली सगळी माणसं कडुनिंबाखाली जमली होती. इंगोले टेबल सोडून आला होता. द्वारकाबाईने पदराच्या टोकाला साखरेची पुडी बांधून आणलेली. नामदेव त्यांच्यामध्ये उभा होता.

"काय झालं रे, बापू?" तिने विचारलं. "सांग ना लवकर!"

"पास झालो, बाई."

बायकांनी एकच गलका केला. द्वारकाबाईने गाठ सोडून साखरेची पुडी त्याच्या हातावर ठेवली. नामदेवने चिमूट चिमूट करून ती सगळ्यांना वाटली. आमच्यापर्यंत आला तेव्हा इंगोलेने हात पुढे केला, आणि मीही.